देगलूरकर काकांचा कासरा

मी आज नांदेडात बोटीवर आहे, शिरूरच्या एसटीत नाही, हे देगलूरकर काकांमुळं. काय झालं ते पुढं येईलच, पण नाव आधी सांगून ठेवतो. मी घाबरट माणूस आहे. एकदा इंजनाचं सांगायला लागलो की इंजनातच अडकतो, आणि माणूस राहून जातो.

तर, देगलूरकर काका गाठ कापत नसत. कुठलीच. मिठाईच्या पुड्याचा दोरा असो, सिमेंटच्या पोत्याची सुतळी असो, नाहीतर पायजम्याची अडकलेली नाडी. समोर कात्री आणून ठेवा, ते ती हळूच बाजूला सरकवणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि म्हणणार, "आगू, आगू."

आगू म्हणजे तेलुगूत थांब. काका मूळचे देगलूरचे. तिकडं मराठीत तेलुगू इतकी मिसळलेली असते की बोलणाऱ्याला स्वतःलाच कळत नाही. त्यांची दुसरी आवडती गोष्ट "एम कादू", म्हणजे काही होत नाही. या दोन शब्दांवर त्यांनी मुलींच्या शाळेतली क्लार्कची अख्खी नोकरी काढली असं त्यांच्या हाताखालचा शिपाई सांगायचा. हेडमास्तर चिडले, आगू. शिक्षणाधिकारी आले, एम कादू.

आमच्या गल्लीत एका पोरानं झेरॉक्सचं दुकान टाकलं. गल्लीतलं वडीलधारं माणूस म्हणून फीत कापायला काकांना बोलावलं. हळदीकुंकू लावलेली कात्री ताटात ठेवून पुढं केली. काकांनी कात्रीला नमस्कार केला, ताट परत दिलं आणि फितीची गाठ सोडायला बसले. आता ती फीत बांधली होती पोराच्या दाजीनं, आणि दाजी वाळूच्या ट्रकवर ताडपत्री बांधणारा माणूस. त्यानं ती तशीच बांधलेली. मुहूर्त गेला. चहा गार झाला. पहिलं गिऱ्हाईक आधार कार्ड हातात धरून वाट बघून बघून दुसरीकडं गेलं. शेवटी फीत अख्खी निघाली. काकांनी ती घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "झालं उद्घाटन. या आत."

मी तिथं होतो. पेढ्याच्या आशेनं उभा होतो, आणि पाय दुखेस्तोवर उभा होतो.

गल्लीत कुणाचंही काही गुंतलं की ते काकांकडं जाई. पतंगाचा मांजा, इअरफोनच्या वायरी, लोकरीचे गुंडे, बायकांच्या नाजूक चेना. काका हरखून घ्यायचे, पण तिथं बसून कधी सोडवायचे नाहीत. "घरी नेऊन करतो," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी वस्तू सरळ होऊन परत येई. गुंता जेवढा मोठा तेवढे काका खूश. लहान गुंता दिला तर त्यांचं तोंड उतरायचं. एकदा एका बाईनं चेन दिली आणि देतादेताच ती आपोआप सुटली, तर काका म्हणाले, "अरेरे." बाई घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, म्हातारा येडा हाय.

मीही तेच म्हणायचो, मनातल्या मनात.

माझं म्हणाल तर मी शिरूर अनंतपाळकडचा. नववीत शाळा सुटली. म्हणजे मीच सुटलो, शाळा अजून तिथंच आहे. गावात ट्रॅक्टर चालवायचो. ओळखीच्या ओळखीनं नांदेडला बाबूशेठकडं आलो. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, शेठचा बोटीचा ठेका आहे. घाटावरून माणसं घ्यायची, पलीकडं देवीच्या ठाण्यापाशी सोडायची, तिकडची इकडं आणायची. शेठनं विचारलं, "इंजन चालवता येतंय का?" मी म्हणालो, "हाव." ट्रॅक्टरला ब्रेक असतो आणि बोटीला नसतो, हे मला नदीच्या मध्यावर कळलं.

पोहायला येतं, पण पाण्यावर विश्वास नाही. त्यामुळं मी जॅकेट काढत नाही. टपरीवर चहा प्यायला जातो तेव्हाही ते नारंगी जॅकेट अंगात असतं. पोरं मला विचारतात, "दिगूभाऊ, चहात बुडतो का काय?" बुडलेलं बरं, असं वाटायचे दिवस होते ते. कारण एकदा निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी बोटीच्या पंख्यात अडकली. पंखा म्हणजे इंजनाच्या बुडाशी पाण्यात फिरतो तो, तीन पात्यांचा. मी घाईघाईत विळ्यानं पिशवी ओरबाडून काढली. पिशवीबरोबर आतलं सीलही कापलं. इंजनात पाणी गेलं, बोट बरेच दिवस घाटावर उलटी पडून राहिली. शेठ शांतपणे म्हणाले, "दिगंबर, पुन्हा इंजन बिघडलं, की सामान उचल अन् शिरूरची एसटी धर."

आणि गावात आई सगळ्यांना सांगून बसलेली, की आमचा दिगू नांदेडात जहाज चालवतो. जहाजाचा कॅप्टन एसटीतून पिशवी घेऊन उतरला तर तिनं पाण्याला तरी कोणत्या तोंडानं जावं?

काका रोज सकाळी पहिल्या फेरीला यायचे. पुढच्या टोकाला बसायचे. पलीकडं बोट लागली, सगळे उतरले, तरी काका बसलेलेच. ठाण्याकडं तोंड करून हात जोडायचे आणि त्याच बोटीनं परत. जाताना-येताना त्यांना एकच काम. मी नांगराचा दोर कसाही टाकून ठेवायचो, ते तो उकलून गोल गोल वेटोळं करून ठेवायचे.

"काका, राहू द्या की. कोण बघतंय?"

"आगू. दोर असा पाहिजे की झोपेतसुद्धा सुटला पाहिजे."

मला राग यायचा. सकाळी सकाळी कुणीतरी आपली वही तपासतंय असं वाटायचं. आणखी एक. सगळ्या जगाला थांब म्हणणारा हा माणूस अलीकडच्या घाटाला बोट लागली की असा काही पळत सुटायचा, की चपलेचा अंगठा तुटायचा. पायऱ्या चढताना मागं बघायचे नाहीत. मला ते कोडंच होतं.

आता तो दिवस.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. आदल्या दिवशी गावोगावच्या काठांवर बैल धुतलेले, जुनी दावी-कासरे काढून नवे घातलेले. कासरा म्हणजे बैलाला हाकायचा लांब दोर. पूर्वी सुताचे असायचे, बुडायचे तरी. आता नायलॉनचे, लाल-हिरवे, तरंगत येतात. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, नदीला ओढ होती. बोटीत काका, देवीची ओटी घेऊन निघालेली एक मावशी, आणि मोबाईलवर स्वतःचं शूटिंग करून राहिलेला एक तरुण. बाकीचे ठाण्यावरून यायचे होते.

मध्यावर आलो तर समोर एक कासरा आडवा तरंगतोय. टोकाला गोंडासुद्धा होता.

बोटवाल्यानं काय करावं? इंजन न्यूट्रल करावं आणि सरळ त्याच्यावरून जावं. पण मी आधी कुणब्याचा पोरगा. आमच्या घरी कासरा ओलांडत नाहीत. अंगणात पडलेला असला तरी वळसा घालून जायचं, चुकून ओलांडला तर आजा काठी घेऊन उठायचा. माझ्या हातानं मला न विचारताच बोट वळवली. पुढचं टोक कासऱ्याला मान देऊन बाजूनं गेलं, आणि मागचा पंखा फिरून बरोब्बर त्याच्यावर आला. खर्र आवाज झाला, इंजन आचका देऊन बंद.

बोट आडवी झाली आणि धारेबरोबर खाली वाहायला लागली. खाली जुन्या पुलाचे खांब.

मावशीनं नारळ छातीशी धरला. "काय केलंस रे मुडद्या!"

तरुण मोबाईलमध्ये म्हणाला, "फ्रेंड्स, आपण बुडतोय."

मला पाय होते हे मी विसरलो होतो. काका पुढून म्हणाले, "दिगू, नांगर टाक."

मी नांगर उचलून टाकला. आणि दोर, रोज काकांनी लावलेलं ते वेटोळं, एका मागून एक फेरा सोडत सुर्र करत गेला. कुठं अडकला नाही, कुणाच्या पायात आला नाही. नांगर धरला, बोटीनं गचका खाल्ला आणि प्रवाहाकडं तोंड करून उभी राहिली. झोपेतसुद्धा सुटला पाहिजे म्हणायचे ते यासाठी.

जीव राहिला, तर आता नोकरी आठवली. किल्ली काढली, इंजन वर उचलून अडकवलं. कासरा पंख्याभोवती असा आवळलेला की पातं दिसेना. तेवढ्यात शेठचा फोन. ते घाटावरून बघत होते.

"काप तो दोर! विळा हाय ना बोटीत?"

"शेठ, मागच्या बारीला..."

"इंजनाला धक्का लागला तर बघ!"

कापही, आणि धक्का लागू देऊ नको. मी विळा हातात घेतला. पण लावायला धीर होईना. एक तर मागच्या वेळचं सील डोळ्यासमोर, त्यात बैलाचा कासरा, त्याला आम्ही लोखंड लावत नाही. विळा माझ्या हातातून काकांनी काढून घेतला आणि मावशीच्या हातात दिला. "धरा. नारळ फोडायला होईल."

मग हा सत्तरी ओलांडलेला माणूस बोटीच्या मागच्या कडेवर पालथा झाला. "दिगू, माझे पाय धर. ओ फोटोवाले, तुम्ही कंबर धरा. जरा घट्ट, नाडी मजबूत आहे."

"काका, लवकर!"

"आगू. आधी टोक कुठं आहे?"

इंजनातलं काकांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना फक्त गुंता कळायचा. ते टोक शोधत राहिले, घाटावरून शेठ ओरडत राहिले, मावशी देवीला नवस बोलून राहिली. शेवटी गोंडा सापडला. "हां. आता पाय सोड, हे कंबर धरून आहेत. तू इकडं येऊन पंखा हातानं उलटा फिरव. हळू. आगू... फिरव... आगू." एकेक फेरा सुटत आला. एक फेरा पात्यामागं खोल गेला होता. तिथं काका ओढायचे नाहीत, उलट दोर आणखी आत ढकलायचे, सैल करायचे आणि बोटानं बाहेर काढायचे. त्यांच्या चष्म्यावर पाणी, तोंडावर पाणी, पण चेहरा असा की जणू कुणी पंगतीत बासुंदी वाढतंय.

अख्खा कासरा निघाला. मी भीत भीत इंजन सुरू केलं. लागलं! मावशी रडायला लागली आणि विळ्यासकट तिनं देवीला हात जोडले. तरुणाचा मोबाईल मघाशीच बंद पडला होता, त्यामुळं यातलं काहीच कुठं दिसणार नाही.

नांगर उचलून बोट परत घाटाला आणली, तिथं शेठ आले. पंखा पाहिला, सील पाहिलं, इंजनाचा आवाज ऐकला. मला काहीच म्हणाले नाहीत. शेठ काही म्हणाले नाहीत म्हणजे नोकरी राहिली. मी काकांच्या पाया पडायला वाकलो, तर काका जागेवर कुठं होते? ओला कासरा पिशवीत कोंबून पायऱ्यांवरून पळत सुटलेले. चष्मा बोटीतच राहिलेला.

संध्याकाळी अर्धापूरच्या केळ्यांची फणी घेतली, चष्मा घेतला आणि काकांचं घर गाठलं. आमच्याच गल्लीच्या टोकाला दोन खोल्या. मी कधी आत गेलो नव्हतो. दार उघडंच होतं.

पलंगावर काकू बसलेल्या. फुलाफुलांचा गाऊन, विरळ केस, कपाळाला कुंकू. कुंकू जरा वाकडं होतं, दुसऱ्या कुणी लावल्यासारखं. मांडीवर तोच लाल-हिरवा कासरा, आणि त्याच्या गाठीच गाठी. मी गोंधळलो. बोटीत तर तो सरळ निघालेला मी पाहिला होता.

"तुम्ही कुणाचे?" काकूंनी विचारलं.

"शिरूरचा, दिगू. बोटीवर असतो."

"हां हां. बसा." आणि बोटं चालू. बारीक, चपळ बोटं. गाठ सोडायची, दोर सरळ करायचा, पुढची गाठ. थोड्या वेळानं पुन्हा, "तुम्ही कुणाचे?" मी पुन्हा शिरूरचा झालो. शेवटची गाठ सुटली तशा काकू लहान पोरीसारख्या हसल्या. "झालं हो!"

काका आतून आले. "वा! काय हात आहे तुझा. आण, दुसरा देतो." कासरा घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. केळी ठेवायला मी मागोमाग गेलो.

काका खाली बसून त्याच कासऱ्याला गाठी मारत होते.

जो माणूस गावभर लोकांच्या गाठी सोडवत फिरतो, तो दाराआड बसून गुंता करत होता. गुडघ्याला फेरे घेऊन, एकात एक घालून, मन लावून.

"काका, हे काय करून राहिलाव?"

"हळू बोल बाबा." त्यांनी वर पाहिलं नाही. "हात रिकामा राहिला की ती स्वतःचे केस उपटते. खूप करून बघितलं, डॉक्टर झाले, औषधं झाली. एक दिवस लोकरीचा गुंडा हातात गेला आणि दुपारभर शांत बसली. तेव्हापासून हे." त्यांनी एक गाठ ओढून बघितली, जरा सैल केली. "फार घट्ट झाली तर रडते. फार सैल झाली तर लगेच संपते. आणि कापलेला तुकडा तर काही कामाचाच नाही. हा बघ कसा लांब आहे. सगळी दुपार निघेल."

"म्हणजे त्या चेना, मांजा..."

"तिनेच सोडवले सगळे. मी नुसता हमाल. मला कुठं येतंय रे? आज पहिल्यांदाच एवढा मोठा सोडवला." आणि मग जरा लाजून, "तिचं बघून बघून आलं."

शेजारच्या बाई कामावर जायच्या आधी काकूंजवळ थोडा वेळ बसत. त्या वेळात बोटीची एक फेरी बसायची. म्हणून ते पळणं. माझं कोडं सुटलं, आणि सुटलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

त्यानंतर मी नदीत दिसेल तो दोर उचलायला लागलो. जाळ्याचे तुकडे, गणपतीच्या मिरवणुकीचे रस्से, बैलांची दावी. घाटावरची पोरं म्हणायला लागली, दिगूभाऊला पण म्हाताऱ्याचा वारा लागला. सापडलेले दोर मी काकांच्या पिशवीत घालायचो. ते बघायचे, लांबी चाचपायचे, "लई मस्त आहे रे," म्हणायचे, आणि आजवर कुठल्याही साहेबानं माझं कौतुक केलं नसेल एवढं मला वाटायचं.

थंडीत काकू गेल्या. आम्ही गल्लीतले सगळे होतो. काका कुणालाच आगू म्हणाले नाहीत.

बरेच दिवसांनी एका सकाळी ते पहिल्या फेरीला आले. पिशवीतून कासरा काढून माझ्या हातात दिला. सरळ, धुतलेला, नीट वेटोळं केलेला. एकही गाठ नाही.

"घे. बोटीला होईल. आता घरी लागत नाही."

पुढं जाऊन बसले. नांगराचा दोर मी त्यांच्यासारखाच लावून ठेवला होता. त्यांनी बघितला, एक फेरा उगीच सरळ केला. पलीकडं बोट लागली, माणसं उतरली. मी हात पुढं केला.

"उतरा काका. आज घाई न्हाई."

ते ठाण्याकडं बघत राहिले. "घाई नाही म्हणूनच उतरवत नाही रे." मग म्हणाले, "लग्न होऊन नांदेडला आली तेव्हापासून म्हणायची, नावेत बसून देवीला जाऊ. मी म्हणायचो आगू. पोरीचं शिक्षण होऊ दे, आगू. लग्न होऊ दे, आगू. रिटायर होऊ दे. ती थांबली बाबा. तक्रार केली नाही. आणि मी रिटायर झालो तोवर कुठं जायचं होतं तेच विसरली." चष्मा पुसला. "म्हणून मी यायचो. वाटायचं, निदान मी तरी रोज इथपर्यंत येतो. उतरायचं मात्र तिच्याबरोबर, असं ठरवलेलं."

शाळा पुरी केली असती तर कदाचित चांगलं काही सुचलं असतं. मी नुसतं म्हणालो, "एम कादू, काका." ते हसले. माझा उच्चार चुकला असणार.

परतल्यावर ते पळाले नाहीत. बोट पुन्हा भरेपर्यंत तिथंच बसून राहिले, मग कुणाला तरी जागा पाहिजे म्हणून उठले. त्याच आठवड्यात मुलगी येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेली. एसटीच्या खिडकीतून सामानाच्या दोऱ्या नीट बांधल्यात का ते बघत होते.

कासरा बोटीवर आहे. घाटाला बोट बांधायला मी तोच वापरतो. रोज सोडतो, रोज बांधतो, अजून त्याला विळा लागू दिलेला नाही. आई गावात अजून जहाजच सांगते.

काका, तुम्ही परत येणार. घराची किल्ली शेजारच्या बाईंकडं ठेवून गेलात, म्हणजे येणारच. आलात की सकाळच्या पहिल्या फेरीला तुम्हाला घेऊन जाईन. खणा-नारळाची ओटी मी आणीन, काकूंच्या नावची. त्या काठाला बोट याच कासऱ्यानं बांधीन, जॅकेट काढून ठेवीन, हात धरून तुम्हाला उतरवीन आणि तुम्ही मनसोक्त बसून परत येईपर्यंत इंजन बंद करून थांबीन. शेठचा फोन आला, गिऱ्हाईक खोळंबलं, कुणी कितीही ओरडलं, तर त्यांना मी सांगीन. आगू.